वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या पुढे लोखंड किती असावे?

पावसाळ्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिघांच्या शंकांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझी शेती अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठी असून घरापासून शेतापर्यंत साडेतीन किलोमीटरचा पांदण रस्ता आहे. दोन वर्षांपूर्वी मी फोर-व्हील-ड्राइव्हची डबल केबिन पिकअप घेतली. शेतीच्या कामाखेरीज सुट्टीत मित्रांसोबत बालाघाटात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत कच्च्या वाटांनी फिरण्याचा नाद आहे. यंदा ओढ्यातून वर चढताना पुढचा प्लास्टिकचा बंपर दरडीला लागून खालून फाटला. आता कंपनीचाच नवा बंपर घ्यावा की बाहेरचा लोखंडी बसवावा, हे ठरत नाही. जालन्याचे एक फॅब्रिकेशनवाले पाच मिलिमीटर प्लेटचा बंपर करून देतो म्हणतात. बाहेरून तयार बंपर मागवला तर किंमत जवळजवळ चौपट पडते. हे चौपट पैसे नेमके कशाचे? मार्गदर्शन करावे.
— एक शेतकरी वाचक, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : आपला बंपर फाटला तो नाजूक होता म्हणून फाटला, असे आपण गृहीत धरले आहे. पत्रातील वर्णनावरून मला वाटते की बंपरची खालची कड दरडीच्या वाटेत आली, आणि ती लोखंडाची असती तरी वाटेत आलीच असती. फरक इतकाच की प्लास्टिक फाटून मोकळे झाले. लोखंड तो धक्का थेट चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढच्या टोकांना देऊन गेले असते. म्हणून सर्वांत आधी एक साधे माप घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकाचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे एक दोरी धरावी, तिचे दुसरे टोक टायरला न अडता बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंत ताणावे आणि जमिनीशी होणारा कोन मोजावा. यालाच अप्रोच अँगल म्हणतात. भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्सचा हा कोन २९ अंश आहे. जी दरड किंवा बांध आपल्या गाडीच्या कोनापेक्षा उभा आहे, तिथे चाकाच्या आधी बंपर टेकणार, हे ठरलेले आहे. चांगल्या ऑफरोड बंपरचा खरा फायदा त्याच्या जाडीत नसून घडणीत असतो. त्याची दोन्ही टोके चाकांपुढे वर उचलून कापलेली असतात, त्यामुळे हा कोन वाढतो. जालन्याचा बंपर खालून सरळ, कंपनीच्या बंपरइतकाच लांब येणार असेल, तर पैसे देऊन आपण फक्त वजन विकत घेत आहात.

वजनाचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. लोखंडी प्लेट एक मिलिमीटर जाड असेल तर एका चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरते. तीन मिलिमीटरची प्लेट घेतली तर चौरस मीटरला साडेतेवीस किलो होतात, पाचची घेतली तर सव्वाएकोणचाळीस. पिकअपच्या पूर्ण रुंदीच्या बंपरला, घड्या आणि आतल्या पट्ट्या धरून, दोन चौरस मीटर प्लेट सहज लागते. म्हणजे तीन मिलिमीटरमध्ये सत्तेचाळीस किलो आणि पाचमध्ये अठ्ठ्याहत्तर. त्यावर पाइपची कमान आली, पुढे कधी विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विजेची चरखी आली, की शंभर किलोचा आकडा मागे राहतो. हे शंभर किलो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, साधारण नव्वद सेंटीमीटरवर लटकतात. दोन ॲक्सलमधले अंतर ३.१ मीटर धरले तर तराजूच्या दांडीच्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलवर शंभर नव्हे, १२९ किलो वाढतात आणि मागच्या ॲक्सलवरचे २९ किलो कमी होतात. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच हलकी असते. ओल्या डांबरावर वळणात किंवा ब्रेक मारताना मागची चाके सरकण्याचा धोका त्यामुळे वाढतो. पुढचे स्प्रिंग बसतात, गाडी नाक खाली घालून उभी राहते, हेडलाइटचा झोत जवळ पडतो आणि, गंमत अशी की, ज्या अप्रोच अँगलसाठी हा खटाटोप केला तोही थोडा कमी होतो. मग लोक पुढचे स्प्रिंग आणि शॉकअप बदलतात. एका बंपरचा खर्च असा तीन ठिकाणी फुटतो. पाच मिलिमीटरची प्लेट पूर्ण बंपरला वापरण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही. अंगाला तीन मिलिमीटर पुष्कळ झाले, जाडी हवी ती फक्त चासीला जोडणाऱ्या ब्रॅकेटला आणि हुकाच्या जागी.

आता चौपट पैशांविषयी. कंपनीचा बंपर म्हणजे दिसते ते प्लास्टिक नव्हे. त्या प्लास्टिकच्या आत एक आडवी बीम असते, ती चासीच्या दोन टोकांना बोल्टने बसवलेली असते, आणि धडक बसली की हा सगळा भाग ठरलेल्या क्रमाने चेपत जावा अशी त्याची आखणी असते. एअरबॅग उघडायची की नाही, आणि उघडायची तर कोणत्या क्षणी, हे गाडीतला संगणक या चेपण्याच्या वेगावरून, म्हणजे गाडी किती झपाट्याने मंदावते आहे यावरून ठरवतो. न चेपणारे ताठ लोखंड त्या जागी आले की हा हिशेब बिघडतो. किरकोळ धडकेत एअरबॅग विनाकारण उघडू शकते, किंवा मोठ्या धडकेत योग्य क्षण चुकू शकतो. शिवाय जो धक्का पुढच्या भागाने गिळायचा तो सीटपर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रेलियात रस्त्यावर येणाऱ्या जनावरांमुळे असे बंपर जुन्या काळापासून वापरात आहेत. तिथे ‘एआरबी’ ही या धंद्यातील मोठी कंपनी १९७५ मध्ये मेलबर्नला सुरू झाली, आणि अशा बंपरांसाठी त्या देशाचे स्वतंत्र मानकही आहे. चांगला उत्पादक एकेका गाडीच्या मॉडेलसाठी वेगळे ब्रॅकेट करतो, त्या ब्रॅकेटना मुद्दाम चेपणारे भाग देतो आणि एअरबॅगशी जुळते की नाही याच्या चाचण्या घेतो. चौपट किमतीतला मोठा वाटा या कामाचा असतो. लोखंडाचा भाव दोघांनाही सारखाच. मात्र नुसते ‘एअरबॅग कम्पॅटिबल’ असे स्टिकर लावणारेही बाजारात आहेत. आपल्या गाडीचे नेमके मॉडेल आणि वर्ष सांगून चाचणीचा कागद मागावा, आणि विक्रेता विषय बदलू लागला तर आपणही दुकान बदलावे.

कायद्याचे आता स्पष्टच लिहितो, कारण ‘सगळेच बसवतात’ हे उत्तर मी गॅरेजमध्ये फार वेळा ऐकले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहून वाहनांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरपुढे लावलेले लोखंडी गार्ड) हे या कलमाचे उल्लंघन असल्याचे सांगितले व कारवाई करण्यास कळवले. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना मूळ तपशील बदलण्यास मनाई असल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचेही तेच आहे: न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आला की दाव्यात अडचण उभी राहते. पांदण रस्त्यावर आपल्याला कोणी अडवणार नाही, हे खरे. पण ही गाडी जालन्याला आणि बीडलाही जाते.

यावरून माझा सल्ला असा. कंपनीचाच बंपर पुन्हा बसवावा. त्यासोबत इंजिन आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूला चांगली स्किड प्लेट, म्हणजे खालून मार झेलणारी संरक्षक प्लेट घ्यावी, कारण गोदाकाठच्या ओढ्यांतील गोटे बंपरपेक्षा इंजिनच्या चेंबरला अधिक महागात पडतात. आणि चासीच्या दोन्ही टोकांना प्रमाणित टो हुक आहेत की नाही ते पाहावे. कंपनीने पुढे दिलेला हुक पुष्कळदा फक्त गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधण्यापुरता असतो. ओढ्याच्या चढावर गाडी सरळ न नेता थोडी तिरपी घेतली की एकेक चाक वर चढते आणि बंपर वाचतो. मात्र चढ फार उभा किंवा निसरडा असेल तर हा प्रयोग करू नये, गाडी आडवी होते.

हे सर्व वाचूनही लोखंडी बंपर करायचाच असेल, आणि तो निर्णय सर्वस्वी आपला आहे, तर फॅब्रिकेशनवाल्यांकडे काही गोष्टींचा आग्रह धरावा. जालना हे पोलादाचे गाव असल्यामुळे तिथे लोखंड स्वस्त मिळते, पण मिळते ते बहुतेक बांधकामाचे. सळई स्लॅबसाठी असते, तिची कमान वाकवून गाडीला जोडू नये. भंगारातली प्लेटही नको. आयएस २०६२ या मानकाची प्लेट घ्यावी आणि बिल मागावे. चासीवर वेल्डिंग कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. ब्रॅकेट कंपनीच्याच छिद्रांत, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेल्या बोल्टने आणि टॉर्क पान्याने आवळून बसवावेत. गाडीवर बंपर ठेवून जागच्या जागी टाके मारण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा निदान बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायला लावावी, नाहीतर गाडीच्या संगणकाला झटका बसतो. रेडिएटर आणि इंटरकूलरसमोरची जागा जितकी मोकळी ठेवता येईल तितकी ठेवावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या उन्हात भरल्या गाडीने घाट चढताना काटा वर का सरकतो, याचे उत्तर अनेकदा समोर लावलेल्या दिव्यांच्या पट्टीत सापडते. एचएसआरपी नंबर प्लेट समोरून पूर्ण दिसली पाहिजे. पार्किंग सेन्सर किंवा रडार असल्यास त्यांच्या जागेचा विचार बंपर करण्याआधी व्हावा, नंतर नव्हे.

प्रश्न : मी कन्नडजवळ राहतो. आमच्या मित्रमंडळात विंच असलेला बंपर घेण्याची चढाओढ लागली आहे. विंच किती क्षमतेची घ्यावी?
— एक वाचक, कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रूढ ठोकताळा असा आहे की गाडीच्या भरलेल्या एकूण वजनाच्या दीडपट क्षमता असावी. भरलेली पिकअप तीन टनांची धरली तर साडेचार टन हवेत. बाजारातली ९,५०० पौंडांची विंच सुमारे ४.३ टनांची होते, म्हणजे किंचित कमीच. १२,००० पौंडांची सुमारे ५.४ टनांची. ही क्षमता ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर उरलेला असतानाची असते. जितके थर अधिक, तितकी ओढ कमी, म्हणून दोर शक्य तितका बाहेर काढून ओढावे. पूर्ण ताणावर विंच चारशे अँपिअरच्या आसपास वीज खाते. इंजिन चालू ठेवून, थांबत थांबत काम करावे लागते. पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर घेतल्यास वजन बरेच वाचते आणि तुटला तर तो चाबकासारखा उलटत नाही. पण खडकावर घासला जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

पण आपल्याला मी उलट एक प्रश्न विचारतो. विंचला बांधणार कशाला? कन्नडच्या वर, औट्रम घाटाच्या बाजूला झाडी आहे, तिथे एखादे भक्कम झाड सापडेल, आणि रुंद पट्टा वापरला तर सालही सोलणार नाही. काळ्या रानात मात्र गाडी रुतते तिथून नजर पोहोचेल तेवढ्यात बांधावरची एखादी बाभूळ असते, तीही दोराच्या टप्प्याबाहेर. मराठवाड्यात पावसाळ्यात रुतलेली गाडी शेवटी कोणाच्या तरी ट्रॅक्टरने किंवा जेसीबीनेच निघते. चाळीस किलोंची विंच बारा महिने नाकावर वाहण्यापेक्षा मित्रमंडळात दोन गाड्यांनी जोडीने जाण्याचा नियम करावा, असे मला वाटते. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की चाक गुळगुळीत होते आणि बसल्या जागी फिरते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून खाली उतरणे आणि फावडे हातात घेणे हाच पहिला उपाय आहे.

प्रश्न : औशाजवळ आमची पिकअप रुतली असता ट्रॅक्टरने टोचन करताना साखळी लोखंडी गार्डला बांधली. गार्ड वाकून निघाला आणि साखळीसह उडाला; सुदैवाने कोणाला लागले नाही. गार्ड इतका मजबूत दिसत असताना असे का झाले?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : गार्ड मजबूत असेलही, तो ज्या दोन पातळ पट्ट्यांवर लटकलेला होता त्या मजबूत नव्हत्या. बहुतेक दिखाऊ गार्ड बंपर बीमच्या छोट्या बोल्टवर किंवा रेडिएटरच्या क्रॉस मेंबरवर अडकवलेले असतात. ते ढकलण्यासाठी नाहीत आणि ओढण्यासाठी तर मुळीच नाहीत. चिखलात स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत बसलेली गाडी काळी माती खालून धरून ठेवते, त्यामुळे तिला उचकटायला लागणारा जोर तिच्या वजनाहूनही अधिक असू शकतो. साखळी नेहमी चासीच्या हुकालाच बांधावी. हुक नसेल तर चासीला बोल्टने बसणारे हुक घ्यावेत आणि त्यात पाऊण इंचाचे प्रमाणित बो शॅकल (धनुष्याच्या आकाराची लोखंडी कडी) वापरावे, त्यावर ४.७५ टन असा आकडा उठवलेला असतो, आकडा नसलेले शॅकल हार्डवेअरच्या दुकानातच राहू द्यावे. मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला) कधीही ओढ देऊ नये. दोर किंवा साखळी ताणली जाण्यापूर्वी तिच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे. आपल्याकडे गाडी निघताना पाहायला सगळे गाव साखळीला खेटून उभे राहते, आणि त्यांना हटवण्यात ट्रॅक्टरवाल्याला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा.

प्रश्न : रात्री नांदेडहून भोकरकडे जाताना रोही (नीलगायी) आडवे येतात, रानडुकरेही येतात. यासाठी तरी पुढे गार्ड हवा ना?
— एक वाचक, भोकर, जि. नांदेड

उत्तर : रानडुक्कर बुटके असते, ते बंपरच्या उंचीला येते, गार्डने रेडिएटर वाचण्याची शक्यता तिथे आहे. रोह्याचे गणित वेगळे आहे. पूर्ण वाढलेल्या नराचा खांदा जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर असतो आणि वजन दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकते. बंपर लागतो तो त्याच्या पायांना, आणि धड बॉनेटवरून सरळ काचेवर येते. म्हणजे ज्याच्या भीतीने आपण गार्ड बसवता, त्याच्यापासून तो फारसे वाचवत नाही. वेगाचा हिशेब मात्र आपल्या हातात आहे: ताशी ८० वरून ६० वर आलो तर धडकेतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी कमी होते, आणि ब्रेक लावल्यापासून थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात घटते. कळपातला एक रोही रस्ता ओलांडून गेला की दुसरा त्याच्या मागे असतो, तेव्हा पहिला दिसताच थांबावे. तो गेला म्हणून लगेच वेग वाढवू नये.

जादा दिवे लावायचे असतील तर ते गार्डशिवायही नंबर प्लेटच्या वरच्या पट्टीवर बसतात. वायर थेट हेडलाइटच्या जोडणीतून न घेता रिले आणि फ्यूज घालून बॅटरीवरून घ्यावी, आणि समोरून वाहन येताच ते दिवे पूर्ण बंद करावेत. ऊसतोडीच्या हंगामात समोरच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही; डोळे दिपलेल्या त्या चालकाने गाडी कडेला दाबली, तर मागची ट्रॉली आपल्या बाजूला झुकते.